वेबकॅमवर चित्र येत नाही? ड्रायव्हर उडवण्याआधी या चुका टाळा

वेबकॅमवर चित्र दिसेनासं झालं की बहुतेकांचा पहिला वार ड्रायव्हरवर, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर होतो. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडायची, कॅमेरा अनइन्स्टॉल करायचा, रीस्टार्ट मारायचा. त्याने काही झालं नाही की अपडेट, मग अँटिव्हायरस काढून टाकणं, आणि शेवटी अख्खी विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत मजल जाते. लेन्ससमोरची इवलीशी पट्टी सरकलेली आहे, हे तोवर कुणी पाहिलेलंच नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चित्र लेन्सपासून तुमच्या स्क्रीनपर्यंत पोचायला बरेच टप्पे ओलांडतं. आधी झाकण, सेन्सर आणि केबल, मग ड्रायव्हर, मग ऑपरेटिंग सिस्टिमची परवानगी, त्यानंतर ब्राउझरची किंवा ॲपची परवानगी, आणि सरतेशेवटी त्या ॲपमध्ये निवडलेला कॅमेरा. चित्र यातल्या कुठल्या टप्प्यावर अडलंय हे न बघता दुरुस्तीला लागणं ही सगळ्यात वेळखाऊ चूक. शिवाय घाईत एकदम चार गोष्टी बदलल्या तर कॅमेरा सुरू झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दिव्याकडे न बघणं

बहुतेक वेबकॅमच्या लेन्सशेजारी एक बारीक दिवा असतो. एखाद्या ॲपने कॅमेरा उघडून चित्र घ्यायला सुरुवात केली की तो लागतो. दिवा लागलाय आणि चौकट काळी आहे, म्हणजे कॅमेरा चालू आहे. एकतर लेन्सवर काहीतरी आहे किंवा चित्र पुढे कुठेतरी हरवतंय. दिवाच लागत नसेल तर ॲप कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलंच नाही. मग परवानगी, निवडलेला कॅमेरा किंवा जोडणी यांतच घोळ आहे. काही स्वस्त वेबकॅमचा दिवा नुसती केबल लावली तरी पेटलेला राहतो, काहींना दिवाच नसतो. त्यांच्या बाबतीत हा पुरावा बाद.

बऱ्याच लॅपटॉपना स्क्रीनच्या वरच्या कडेला सरकतं झाकण असतं. ते बंद असलं की लेन्सच्या जागी लाल किंवा केशरी ठिपका दिसतो, पण काही मॉडेलवर झाकण काळंच असतं आणि लेन्सपासून ओळखू येत नाही. नखाने हळूच सरकवून बघा. काही लॅपटॉपवर हे काम एका बटणाचं असतं: वरच्या एफ-रांगेत किंवा बाजूला कॅमेऱ्याचं चित्र आणि त्यावर तिरकी रेघ. काही मॉडेलवर ते दाबलं की चौकट नुसती काळी होते किंवा रेघ मारलेला कॅमेरा दिसतो. काहींवर मात्र कॅमेरा आतल्या आत यूएसबीवरून तुटतो आणि डिव्हाइस मॅनेजरमधूनही गायब होतो. तेव्हा ‘कॅमेरा सापडला नाही’ असा संदेश येतो आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो. बटण एकदा दाबा आणि थोडं थांबा. धडाधड दाबत राहिलात तर चालू होऊन पुन्हा बंद होतो.

झाकण नाही म्हणून वरून चिकटवायचं कव्हर लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कव्हर लावलेलं असताना मॅकबुक मिटू नका, असं खुद्द ॲपलच सांगते. स्क्रीन आणि कीबोर्डमधली फट इतकी कमी असते की डिस्प्लेला तडा जाऊ शकतो.

जिथे अडलं तिथेच झगडत बसणं

मीटिंगच्या ॲपमध्ये चित्र दिसत नाही म्हणून त्याच ॲपच्या सेटिंग्जमध्ये तासभर घालवण्यात अर्थ नाही. सिस्टिमचं स्वतःचं ॲप उघडा: विंडोजवर ‘कॅमेरा’, मॅकवर ‘फोटो बूथ’. तिथे चेहरा दिसला तर लेन्स, केबल आणि ड्रायव्हर तिन्ही निर्दोष सुटले. डिव्हाइस मॅनेजरला हात लावायचं कारणच उरलं नाही.

विंडोजच्या कॅमेरा ॲपमध्ये चित्राऐवजी एक लांबलचक एरर कोड आला तर त्याचे शेवटचे चार आकडे बघा. ४२४४ म्हणजे जोडलेला कॅमेरा सापडलेला नाही. ४२४३ म्हणजे कॅमेरा आहे, पण दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय. हा दुसरा प्रकार फार होतो. विंडोजवर साधारणपणे एका वेळी एकाच ॲपला कॅमेरा मिळतो, आणि मीटिंगच्या ॲपची खिडकी फुली मारून बंद केली तरी ते घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात चालूच राहू शकतं. ब्राउझरचा एखादा विसरलेला टॅबही कॅमेरा धरून बसतो. कुणी धरलाय ते विंडोजच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये कळतं. सध्या वापरत असलेल्या ॲपच्या नावाखाली तशी नोंद दिसते. आणि चाचणीसाठी उघडलेलं कॅमेरा ॲप बंद करून मगच मीटिंगकडे परत जा, नाहीतर कॅमेरा तेच अडवून बसेल.

परवानगी एकाच ठिकाणी बघून मोकळं होणं

माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात, कारण परवानगी एक नसून दोन-तीन थरांची असते.

विंडोज ११ वर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, कॅमेरा या वाटेने जा. विंडोज १० वर नुसतं प्रायव्हसी. सगळ्यात वर अख्ख्या मशीनचं बटण, त्याखाली ॲप्सचं, आणि पार तळाशी डेस्कटॉप ॲप्सचं. लोक मधल्या यादीतली बटणं एकेक करून चालू करतात आणि ‘आता तर सगळं चालू आहे’ म्हणतात. ती यादी प्रामुख्याने मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या ॲप्सची असते. क्रोम, फायरफॉक्स आणि वेबसाइटवरून डाउनलोड केलेले बहुतेक प्रोग्रॅम तळाच्या त्या एका बटणावर चालतात. ते बंद असेल तर वरची सगळी बटणं चालू असूनही चौकट काळीच राहणार. म्हणून पान शेवटपर्यंत खाली सरकवा.

दुसरा थर ब्राउझरचा, आणि तो प्रत्येक साइटसाठी वेगळा. कधीतरी घाईत ‘ब्लॉक’ दाबलं गेलं की ती साइट पुढे विचारतच नाही. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या आयकॉनवर क्लिक करा, कॅमेरा ‘अलाउ’ करा आणि पान रीलोड करा. परवानगीची विचारणाच येत नसेल तर पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतोय का ते बघा. साध्या एचटीटीपी साइटला आजचे ब्राउझर कॅमेरा देतच नाहीत. अपवाद फक्त तुमच्याच मशीनवर चालणाऱ्या लोकलहोस्टचा. एखाद्या पोर्टलच्या पानात आत बसवलेल्या चौकटीतून मीटिंग उघडत असाल तर बाहेरच्या पानानेही कॅमेरा द्यावा लागतो. अशा वेळी ती मीटिंग वेगळ्या टॅबमध्ये उघडून बघा.

मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून प्रत्येक ॲपला कॅमेऱ्याची वेगळी परवानगी लागते. ती दिल्यावर ॲप पूर्ण ‘क्विट’ करून पुन्हा उघडा. खिडकीच्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर क्लिक केल्याने नुसती खिडकी बंद होते, ॲप नाही.

काही अँटिव्हायरसमध्येही वेबकॅमच्या संरक्षणाची सोय असते आणि ती गुपचूप कॅमेरा अडवते. त्यासाठी अँटिव्हायरस काढून टाकायची गरज नाही, त्याच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या ॲपला सूट दिली की झालं. ऑफिसच्या लॅपटॉपवर परवानगीचं बटण फिकट दिसत असेल आणि सेटिंग संस्थेच्या ताब्यात असल्याची ओळ वर असेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, खटपटी करू नका. आयटीवाल्यांना फोन करा.

यादीतला भलताच कॅमेरा

कधीकधी बिघाड कुठेच नसतो, ॲप दुसऱ्याच कॅमेऱ्याकडे बघत असतं. ओबीएस हे रेकॉर्डिंग आणि लाइव्ह प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर एकदा टाकलं की त्याचा व्हर्च्युअल कॅमेरा यादीत येऊन बसतो, आणि ओबीएस चालू नसताना तो निवडला तर खरं चित्र मिळत नाही. चेहरा बघून लॉगिन करणाऱ्या लॅपटॉपमध्ये इन्फ्रारेडचा वेगळा कॅमेरा असतो. तो निवडला गेला तर करडं, लुकलुकणारं चित्र येतं किंवा काहीच येत नाही. लॅपटॉप मिटून बाहेरच्या मॉनिटरवर काम करताय? मग आतल्या कॅमेऱ्याकडून कसली अपेक्षा करायची.

यूएसबी हबवर सगळा भार

कॉम्प्रेस न केलेलं ७२० पी (१२८० बाय ७२० पिक्सेल) चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, दर पिक्सेलला २ बाइट. हिशोब केला तर सेकंदाला साधारण ५५ मेगाबाइट, म्हणजे ४४२ मेगाबिट होतात. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट आहे, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी हाती लागतं. म्हणून वेबकॅम चित्र दाबून, कॉम्प्रेस करून पाठवतात. तरीही एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या एकाच हबवर दोन कॅमेरे, हार्ड डिस्क आणि माइक लावले, त्यात हबला स्वतःचा वीजपुरवठा नसला, तर दिवा लागतो पण चित्र येत नाही किंवा गोठतं. कॅमेरा थेट मशीनच्या पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या. ॲपमध्ये रिझोल्युशन एक पायरी उतरवून बघा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच धरलेली आहे, तेव्हा एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नका.

आणि मग ड्रायव्हर

वेबकॅमसाठी यूव्हीसी नावाचं मानक २००३ मध्ये आलं. ते पाळणाऱ्या कॅमेऱ्याला कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही, ऑपरेटिंग सिस्टिममधलाच पुरतो. त्यामुळे ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर या कामासाठी टाकूच नका. त्यातून कॅमेरा सुरू होण्यापेक्षा नको त्या जाहिराती सुरू होण्याची शक्यता जास्त.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कॅमेराज’ किंवा ‘इमेजिंग डिव्हायसेस’ उघडा. नावावर खाली बोट दाखवणारा बाण असेल तर कॅमेरा कुणीतरी डिसेबल केलाय. राइट क्लिक करून एनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल तरच अनइन्स्टॉल करून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करण्यात अर्थ आहे. अपडेट झाल्या झाल्या कॅमेरा गेला असेल तर नवा ड्रायव्हर शोधण्याऐवजी ‘रोल बॅक’ करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटनंतर चांगले चालणारे कितीतरी वेबकॅम गोठले होते, कारण त्यांचे कॉम्प्रेस केलेले फॉरमॅटच विंडोज ॲप्सपर्यंत जाऊ देत नव्हती. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टलाच करावी लागली.

कॅमेरा त्या यादीत अजिबातच नसेल तर ड्रायव्हर टाकणार तरी कशावर? बटण बघा, केबल बघा, बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) आतला कॅमेरा बंद केलेला नाही ना ते बघा. स्क्रीन मागेपुढे हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी बारीक केबल सैल झालेली किंवा झिजलेली असते. ते सर्व्हिस सेंटरचं काम आहे. तोवर बाहेरचा यूएसबी वेबकॅम लावा आणि आतला डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करून टाका, म्हणजे ॲप पुन्हा पुन्हा त्याच्याकडे धावणार नाही.