कोवार घेताना काय बघायचं

काचेचं सील असलेलं हेडर किंवा फीडथ्रू (हवाबंद डब्यातून वायर बाहेर काढायचा भाग) बनवायचं असेल तर आधी काच ठरवा आणि मगच मेटल, कारण थंड होताना दोन्ही सारखे आकसले नाहीत तर काचेला तडा जातो आणि लीक सुरू. बोरोसिलिकेट (उष्णता सहन करणारी) काच असेल तर कोवार हा मिश्रधातू घ्या, म्हणजे 29 टक्के निकेल, 17 टक्के कोबाल्ट, बाकी लोखंड. सॉफ्ट ग्लासला (कमी तापमानाला मऊ होणाऱ्या साध्या काचेला) अलॉय 52, म्हणजे निकेल-लोखंडाचा मिश्रधातू, बरा. इन्व्हार हा दुसरा निकेल-लोखंड मिश्रधातू सगळ्यात कमी प्रसरण पावतं म्हणून बरेच जण तेच मागतात, पण ते फक्त साधारण 200 डिग्रीपर्यंतच, पुढे त्याचं प्रसरण झपाट्याने वाढतं आणि काच तर त्याच्या कितीतरी वर वितळते, त्यामुळे इथे ते नकोच.

ऑर्डरमध्ये नुसतं 'कोवार' लिहू नका, एएसटीएम एफ-15 (या मिश्रधातूचं अमेरिकन स्टँडर्ड) लिहा. मुंबईत सीपी टँक, खेतवाडीकडे निकेल अलॉयचे भरपूर स्टॉकिस्ट आहेत, पण हीट नंबरसकट (धातू वितळवलेल्या घाण्याचा नंबर) मिलचं टेस्ट सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि तोच नंबर मालावर आहे का ते स्वतः बघा. त्यात 30 ते 450 डिग्रीचा प्रसरणाचा आकडा साधारण 5 पीपीएम (दर डिग्रीला लांबीचे दहा लाखांत 5 भाग) हवा. उणे 78.5 डिग्रीची टेस्टही मागा, थंडीत आतली रचना बदलली तर प्रसरणही बदलतं. पट्टी प्रेसमध्ये ओढून कप बनवायचा (ड्रॉ करायचा) असेल तर डीप-ड्रॉ क्वालिटीची अॅनील्ड (तापवून मऊ केलेली) पट्टी सांगा. रॉडवर ओरखडे, लांब रेघा दिसल्या तर सरळ परत पाठवा, तिथूनच गॅस लीक होतो.

सील करण्याआधी वेट (ओलसर) हायड्रोजनमध्ये तापवून डीकार्ब करून घ्या, म्हणजे मेटलमधला कार्बन काढून टाका, नाहीतर काचेत बुडबुडे येणारच.