वळीव झाला का? मग आज संध्याकाळी कडुलिंबाखाली जा

खटाव घ्या, कोरेगाव घ्या, नाहीतर तासगाव. भाद्रपद लागला की तक्रार ठरलेली, "भुईमूग जागच्या जागी वाळतोय, उपटला तर खाली मुळंच नाहीत." तोवर हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीची, अळी तिसऱ्या अवस्थेत गेलेली असते, करंगळीएवढी जाड, मुळाशी मातीत वळून बसलेली. त्या वेळी दुकानदाराचं बिल तेवढं वाढतं. हुमणी धरायची ती आत्ता, अंडी घालायच्या आधी, भुंगेऱ्याच्या रूपात असताना. पण दरवर्षी लोक बियाण्याच्या आणि औताच्या गडबडीत नेमक्या त्याच चार संध्याकाळी घालवतात.

वळवाचा चांगला पाऊस मुरला की भुंगेरे दिवस मावळताना जमिनीतून निघतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. तिथंच पाला खातात, तिथंच जोड्या जमतात आणि उजाडायच्या आत परत मातीत जातात. एक मादी 50-60 अंडी घालते. शंभर माद्या बादलीत गेल्या तर पाच-सहा हजार अंडी टळली. या किडीची पिढी वर्षाला एकच, म्हणून आत्ता हुकलं ते पुढच्या वळवापर्यंत हुकलं.

झाड कोणतं, ते सकाळीच हेरून ठेवा. पानाची नुसती शीर उरली असेल आणि खाली बारीक लेंड्या दिसल्या, तर संध्याकाळी तिथंच जायचं. माझा आपला अंदाज, बांधावरच्या एकट्या झाडावर ते जास्त येतात आणि वर्षानुवर्षं त्याच झाडावर येतात. कृषी खातं सांगतं की झाडावर सरासरी 20 भुंगेरे दिसले की उपाय करा. मी म्हणतो, पाच दिसले तरी फांदी हलवा.

साडेसातच्या सुमाराला झाडाखाली जुनी ताडपत्री नाहीतर लुगडं अंथरा. आकडी लावलेल्या काठीनं फांद्या जोरात झाडा. भुंगेरे टपटप पडतात आणि घटकाभर मेल्यासारखे निपचित राहतात, तेवढ्यात गोळा करायचे. तांबूस तपकिरी, अंगठ्याच्या नखाएवढे, पायांना काटे. सदऱ्याला चिकटले तर ओढून काढावे लागतात. ते बुडवून मारायला पुस्तकात रॉकेलमिश्रित पाणी लिहिलेलं असतं, पण रॉकेल आता मिळतंय कुठं? कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी चालतं. कोंबड्या असतील तर थोडे जिवंत ठेवा, सकाळी फडशा पाडतात. सलग तीन-चार संध्याकाळी हे झालंच पाहिजे आणि परत मोठा पाऊस झाला की परत. दिव्याचा सापळा लावणार असाल तर नऊच्या पुढं बंद करा, नंतर मित्रकिडीही त्यात पडतात.

घरच्या माणसांवर विषमुक्त भाजीपाला पिकवणाऱ्यांना हे दुप्पट लागू. सातारा-सांगलीतल्या कुटुंबांकडून हंगामाचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि आठवड्याला टोपली पोचवायची, असा व्यवहार असला की आलं, भुईमूग, रताळं, मिरचीचं रोप, सगळं एकाच अळीच्या तोंडाला लागलेलं असतं. टोपली रिकामी राहिली म्हणून मंडईतून माल आणून भरता येत नाही, तसं केलं की विश्वास गेला. जपानात 1970च्या दशकापासून 'तेइकेई' नावानं असा व्यवहार चालत आला आहे, तिथं गिऱ्हाईक शेतावर कामालाही येतं. आपलं गिऱ्हाईक हुरड्याला येतं आणि फोटो काढून जातं. त्यांनाच या आठवड्यात बोलवा. पोराबाळांना घेऊन या म्हणावं, बॅटरी आणा म्हणावं. आणि शेजाऱ्यालाही सोबत घ्या, भुंगेऱ्याला बांध कळत नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं तर आख्खं शिवार एका संध्याकाळी बाहेर पडतं.

दुकानात आता दाणेदार औषधं, ह्युमिक, 'मुळी वाढवणारं' टॉनिक असा संच बांधून देतील. घेऊ नका. फोरेट या दाणेदार विषावर तर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, कुणी मागच्या दारानं देत असेल तरी हात लावू नका. घ्यायचंच असेल तर हुमणीला रोग लावून मारणारी मेटारायझियम बुरशी घ्या. शिफारस हेक्टरी 20 किलो, म्हणजे एकरी आठ. कुजलेल्या शेणखतात कालवून, ओल असताना, पेरणीआधी मातीआड करायची. ती जिवंत असते, तेव्हा पुड्यावरची तारीख बघा आणि उन्हात तापलेल्या गाडीतून आणू नका. शक्यतो कृषी विद्यापीठाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून आणा.

बाकीची कामं नेहमीचीच:
- नांगरट राहिली असेल तर उरकून घ्या, बगळे-कावळे मागं येऊ द्या
- शेणखत पूर्ण कुजलेलंच
- भुईमूग, घेवडा, सोयाबीन: ट्रायकोडर्मा बुरशी 5 ग्रॅम, रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) जिवाणू प्रत्येकी 25 ग्रॅम, किलो बियाण्याला चोळा
- 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही
- रोपं गादीवाफ्यावर
- मोकळ्या तुकड्यात ताग

कृष्णा-वारणेच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, मात्र दुसरी हुमणी आहे, ल्युकोफोलिस. तिचे भुंगेरे झाडाचा पाला खायला येत नाहीत, म्हणून तिथं फांद्या हलवून हाती काही लागणार नाही. मृगाचा पाऊस पडला की अंधार पडता पडता रानातच बॅटरी घेऊन फिरा आणि जोड्या दिसतील तशा वेचा. ते थोडाच वेळ वर असतात, त्यामुळे जेवण नंतर.