आधी पोरानं बोलायचं, मग बाईनं लिहायचं

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरल्यावर आमची कोल्हापुरातली बालवाडी उघडायला बरेच दिवस गेले. भिंतींवर गाळाची रेघ उठली होती, सतरंज्या फेकून द्याव्या लागल्या होत्या. पहिल्या दिवशी मी पोरांसमोर कोरे कागद ठेवले आणि हाताशी होतं ते, म्हणजे गेरू आणि कोळसा, दिलं. पाच वर्षांचा एक मुलगा अख्खा कागद गेरूनं सारवत बसला. एक कोपरा सोडला नाही. मी तेव्हा बालवाडीत बावीस वर्षं मुरलेली बाई, तरी तोंडातून गेलंच, "अरे, पाणी निळं असतंय न्हवं?" त्यानं मान वर न करता सांगितलं, "बाई, पाणी च्यासारखं हुतं. आमचं घर खाली हाय त्याच्या."

मी गप्प बसले. पेन घेतलं आणि कागदाच्या खालच्या कडेला त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. मग शब्दांखालून बोट फिरवत वाचून दाखवलं. तो म्हणाला, "परत वाचा." चार वेळा वाचायला लावलं त्यानं. चौथ्या वेळी माझं बोट बाजूला सारून स्वतःचं ठेवलं. बोट एका शब्दावर आणि तोंड दुसऱ्याच, पण आपलं बोलणं या काळ्या रेघोट्यांत जाऊन बसलंय हे त्याला उमगलं होतं.

नव्यानं लागलेल्या सेविका मला विचारतात, वर्गात चित्र-गाणी, सण आणि अक्षरओळख हे सगळं कसं बसवायचं, वेळच पुरत नाही. मला एकच रीत ठाऊक आहे. पोरानं हातानं काहीतरी करायचं, करता करता त्याबद्दल बोलायचं, आणि बाईनं ते बोलणं त्याच्या डोळ्यांदेखत लिहायचं. एकात तिन्ही येतात.

लिहिण्याची पद्धत आधी सांगते, कारण चुकतं ते तिथंच. पोराच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोरून त्याला अक्षरं उलटी दिसतात. पेन ठळक घ्या, स्केचपेन चालेल. एकच वाक्य घ्या, फार तर दोन. लिहिताना प्रत्येक शब्द तोंडानं म्हणा, म्हणजे आवाज आणि अक्षर एकदम कागदावर उतरताना त्याला दिसतं. मागे तारीख टाका. आणि वाक्य दुरुस्त करू नका. आपल्या कोल्हापुरात पोरी "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. मीही घरी तसंच बोलतो, इथं लिहिताना 'बोलते' लिहावं लागतं एवढंच. पोरगी "मी जत्रंला गेलो" म्हणाली आणि तुम्ही "मी जत्रेला गेले" लिहिलंत, तर ते वाक्य तिचं राहत नाही. वाचून दाखवलंत की ती तोंड बघत बसते. पुस्तकातली भाषा गोष्टीतून रोज कानावर पडत असते, ती येते आपोआप.

आता हाताचं काम. माझं सगळ्यात आवडतं काम मातीचं.

कोल्हापुरात मातीला तोटा नाही. गंगावेशीत, शाहूपुरीत, बापट कॅम्पात कुंभार आहेत. जायचं मात्र वेळ बघून. श्रावण लागला की गणपतीच्या घाईत तुमच्याशी बोलायला कुणाला सवड नसते. जूनच्या सुरुवातीला जा, बेंदूर या बैलांच्या सणासाठी मातीच्या बैलांची तयारी चालू असेल तर पोरांनाच घेऊन जा. वीस पोरांना पाच किलो तयार माती पुरते, प्रत्येकाला पाव किलो, म्हणजे मोठ्या माणसाच्या मुठीत मावेल एवढा गोळा. विकत घ्यायची नसेल तर शेतातली माती आणा, ढेकळं फोडा, रात्रभर भिजवा, सकाळी कालवून चाळणीतून दुसऱ्या बादलीत गाळा. गाळ खाली बसला की वरचं पाणी हळूच ओतून टाका आणि खालचा चिखल गोणपाटावर पसरा. हाताला चिकटेनाशी झाली, आणि वळलेली वळी बोटाभोवती गुंडाळताना तडकली नाही, की माती तयार.

पहिले दोन दिवस फक्त माती द्या. साचा नको, काडी नको, आणि तुमचा नमुना तर अजिबात नको. तुम्ही टेबलावर देखणा बैल करून ठेवलात की वीस पोरं पाच मिनिटांत म्हणतात, "बाई, मला येत न्हाई, तुमीच करा." मी हे अनेक वर्षं केलंय म्हणून सांगते. त्याऐवजी कुंभाराकडचा बैल आणा, पोरांच्या हातात फिरू द्या, वशिंड कुठं आहे, शेपटी कुठं चिकटलीय हे बोटांनी चाचपू द्या, आणि मग कपाटात ठेवून द्या.

पोरं मातीत असताना तुमचं काम बोलायचं. थापतोयस, वळतीयस, चिमटा काढलास, दाबलंस, लाटलंस, चिकटवलंस. ही क्रियापदं तक्त्यावरून शिकवायला बसलात तर महिना जाईल, मातीत अर्ध्या तासात अंगात भिनतात. शिंगं हमखास पडतात. दोन्ही बाजू काडीनं खरवडायच्या, मध्ये पातळ ओल्या मातीचा ठिपका लावायचा आणि दाबायचं, हे तेव्हाच दाखवा, आधी नको. एकदा एका पोरीच्या बैलाचं शिंग तीनदा पडलं. शेवटी तिनं जाहीर केलं, "ह्यो भांडून आलाय." मी ते चिठ्ठीवर लिहिलं आणि मातीच्या गोळ्यात चिठ्ठी उभी करून बैलाशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बैलाला चिठ्ठी पाहिजे होती. वीस चिठ्ठ्या लिहिताना माझा हात दुखला, पण जेवायच्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या चिठ्ठ्या 'वाचत' हिंडत होती.

मातीनं बोटांत बळ येतं, रांगोळीनं चिमूट येते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, पेन्सिल धरायला हीच तीन लागतात. बाजारची दगडाची रांगोळी मात्र टाळा, भुकटी उडते आणि डोळ्यांत-नाकात जाते. जाडसर तांदळाची पिठी घ्या. खडूनं मोठी वाकडी रेघ काढा आणि पोरांना तिच्यावरून पिठी सोडत चालत जाऊ द्या. ठिपक्यांची रांगोळी या वयाला झेपत नाही, त्यात वेळ घालवू नका.

रंगांवर खर्च करू नका. गेरू, हळद, कोळसा आणि थोडं डिंकाचं पाणी एवढ्यावर वर्ष निघतं.

आवाजाचं काम वेगळंच रंगतं. आमच्या गल्लीतले एक हलगीवाले काका मी वर्गात बोलावले. त्यांनी आल्या आल्या अंगणात कागद पेटवून हलगी शेकायला घेतली. पोरं अवाक्. "भाजालाय व्हय?" एकानं विचारलं. काकांनी शेकायच्या आधी एक थाप मारली, शेकल्यावर एक मारली. "आधी कशी वाजली?" "भिजल्यागत." "आता?" "कडक!" आवाजाला असे शब्द लावता येणं ही वाचनाचीच पूर्वतयारी आहे, फक्त दिसायला हलगीसारखी दिसते.

हलगी नसेल तर डालड्याचा रिकामा डबा घ्या आणि शब्द वाजवा. रं-का-ळा, तीन थापा. जो-ति-बा, तीन. शा-हू-पु-री, चार. इथं एक गोम आहे. मिरची या शब्दात अक्षरं तीन, पण पोरं दोनच थापा मारतात, मिर-ची. आमटीलाही दोनच, आम-टी. त्यांचं बरोबर आहे, ती कानानं मोजतात. आपण डोळ्यांनी मोजतो आणि पोराला चूक ठरवतो. म्हणून सुरुवातीला कान आणि अक्षर जिथं जुळतं तेच शब्द घ्या. मिरची-आमटी पुढं पहिलीत भेटेलच.

भाद्रपद संपता संपता हादगा येतो, कुणी त्याला भोंडला म्हणतं. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा. गाणी तर आहेतच, पण माझं लक्ष असतं खिरापतीवर. डबा झाकलेला, आणि पोरांनी ओळखायचं. "गोड का तिखट? कोरडं का ओलं? चावायचं का चाखायचं?" नुसतं पदार्थाचं नाव घेऊ देऊ नका, आधी तीन खुणा विचारायला लावा. चार वर्षांच्या पोराला नेमका प्रश्न विचारता येणं ही सोपी गोष्ट नाही, हादग्यात ते सहज जमतं. घरोघरची आई एकेक दिवस डबा देते, त्यामुळं शेंगदाण्याच्या लाडवापासून शीरखुर्म्यापर्यंत सगळं येतं. आमच्या वर्गात सगळ्या घरची पोरं आहेत. कुणाच्या घरचं काय, याची पंचाईत करायची नाही. डब्यात काय, एवढंच ओळखायचं.

नोव्हेंबरमध्ये अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात. घरात मोठी माणसं त्याबद्दल बोलत असतात. त्याच दिवसांत वर्गात खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा तुकडा जमिनीवर खडूनं आखा. तासाभरानं परत आखा. ऊन कुठं गेलं, हे पोरं स्वतः सांगतात, तुम्ही लिहा. खर्च एक खडू.

बाहेर नेत असाल तर एका वेळी एकच वस्तू बघायला न्या. टाऊन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला ब्राँझचा छोटा हत्ती आहे, त्याच्या पाठीवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. मी पोरांना सरळ त्याच्यापुढं नेऊन बसवलं, इतिहास सांगितला नाही. क्षणभर शांतता, आणि मग मागून आवाज, "बाई, वडाप हाय!" वडाप म्हणजे आमच्याकडची माणसं कोंबून नेणारी जीप. पुढची पंधरा मिनिटं वडापमध्ये कोण कुठं चाललंय, भाडं कुणी दिलं नाही, कोण पडायच्या बेतात आहे, यावरच गेली. परत येऊन त्याची आठ पानांची गोष्ट झाली. जुन्या कॅलेंडरची पानं पाठकोरी असतात, ती दुमडून मध्ये दोऱ्यानं शिवली की झालं पुस्तक. वर्षभर वाचनकोपऱ्यात सगळ्यात जास्त फाटलं ते हेच.

आजोबांना विसरू नका. जोंधळ्याच्या धाटाची आणि बाभळीच्या काट्यांची बैलगाडी करता येणारे आजोबा अजून प्रत्येक गल्लीत एखादा तरी सापडतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येईनात, म्हणून त्या शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. आजोबा वर्गात यायला लाजत असतील तर वर्ग त्यांच्या कट्ट्यावर न्या.

अक्षरं कुठून सुरू करायची? पोराच्या नावापासून. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव लिहा, सकाळी आल्यावर आपलं नाव शोधून खिळ्याला अडकवायचं, हीच हजेरी. आठवड्याभरात कुणीतरी ओरडतं, "ह्याच्यात माझा स हाय!" त्या दिवशी स शिकवा. गल्लीतलं लिखाणही सोडू नका, दुकानाची पाटी, एसटीची पाटी, दुधाची पिशवी. पावसाळ्यात तर आमच्याकडं वेगळाच धडा असतो. पंचगंगा किती फुटांवर आली, ही चर्चा घरोघरी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. नदीकाठची पोरं वीसपर्यंत मोजायच्या आधी ४३ ओळखतात, आणि ते ओळखताना गंभीर होतात. मी वर्गाच्या दाराला कागदाची उभी पट्टी लावते. सकाळी मोबाईलवर आलेला आकडा एक पोर लिहितं, बाकीची तपासतात.

पालकांचं दुखणं सांगायलाच हवं. "तीन महिने झाले, पोरगं अजून मुळाक्षरं गिरवत न्हाई." शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. माझ्या हातात असतं तर तीन वर्षांच्या पोराला दोनरेघी वही आणून देणाऱ्या पालकालाही मी तेवढाच लावला असता. पण त्यांना वाद घालून पटत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे, हे मी सांगून बघितलं, उपयोग शून्य. उपयोग होतो पोराच्या कागदांच्या फायलीचा. जूनमधला कागद आणि डिसेंबरमधला कागद शेजारी ठेवते. जूनमध्ये वाक्य "गाडी." डिसेंबरमध्ये "मामाची गाडी चढाला बंद पडली मग आमी ढकलली आनि आई हसली." आई वाचते, एकदम हसते, आणि वहीचा विषय त्या दिवसापुरता तरी मिटतो.

मीही एके काळी प्रदर्शनासाठी आंब्याच्या वीस चित्रांत वीस वेळा पिवळा कापूस भरून घेतलाय. बघायला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. घरी नेताना एका पोरीनं दुसरीचा आंबा नेला आणि दोघींपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही.

शेवटचं, विसरायच्या आत. शनिवारी कुलूप लावायच्या आधी मातीवरचं गोणपाट भिजवून बादलीला झाकण लावा, नाहीतर सोमवारी दगड मिळतो. मिळालाच दगड तर टाकू नका. पोरांच्या हातात बत्ता द्या आणि अंगणात फोडायला बसवा, परत भिजत घाला. बैल करण्याइतकंच त्यांना ते आवडतं, आणि त्यावरही बोलतात. पेन जवळ ठेवा.