जुना ‘क्रिकेट ०७’ आजच्या विंडोजवर सुरक्षितपणे कसा चालवायचा

ईए स्पोर्ट्‌सचा ‘क्रिकेट ०७’ २००६ साली आला. कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने तो बनवला होता. त्यानंतर ईएने पीसीसाठी दुसरा क्रिकेट गेम काढलाच नाही. दुकानांतून तो केव्हाच गेला आणि स्टीम किंवा जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवरही विकत मिळत नाही. मग शोधायला बसलं की समोर येतात ‘फुल व्हर्जन, हायली कॉम्प्रेस्ड’ लिहिलेल्या साइट्‌स. त्यांच्या फाइलमधली ईएक्सई (गेम सुरू करणारी मुख्य फाइल) बहुतेक वेळा कुणीतरी बदललेली असते, आणि त्या बदलात आणखी काय घुसवलंय हे खेळणाऱ्याला कळत नाही.

म्हणून खाली सांगितलेल्या सगळ्या उपायांत एक नियम पाळला आहे: मूळ ईएक्सई जशीच्या तशी ठेवायची आणि तिच्याभोवतीचं वातावरण दुरुस्त करायचं. नव्या विंडोजवर मोडलंय ते वातावरणच.

डिस्क मिळवताना

मूळ डिस्क हाच सरळ मार्ग. आधी घरातले, नातेवाइकांकडचे जुने खोके उघडून बघा. मग ओएलएक्स, मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार. विकत घेण्याआधी डिस्क उलटी करून पाहा. कारखान्यात छापलेल्या डिस्कची मागची बाजू चंदेरी असते. जांभळट किंवा हिरवट दिसली तर ती घरी ‘राइट’ केलेली नक्कल आहे. त्या काळी फुटपाथवर अशाच डिस्क ढिगाने विकल्या जायच्या. कडेला बारीक ओरखडे असले तर चालतात, पण उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली तर घेऊ नका. तिथला डेटा गेलेला असतो आणि पॉलिश करून तो परत येत नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो.

कंपनीने विकणं थांबवलं म्हणून गेम सर्वांचा होत नाही. ‘अबॅन्डनवेअर’ (कंपनीने सोडून दिलेलं सॉफ्टवेअर) नावाची कुठलीही कायदेशीर सूट नाही. मात्र भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती खराब होईल या भीतीपोटी बॅकअप करून ठेवता येते. डिस्क हातात आली की पहिल्याच दिवशी हे काम उरका.

डबल-क्लिक केलं तरी काहीच होत नाही

ही सर्वांत जास्त येणारी अडचण आहे, आणि लोक क्रॅक (संरक्षण तोडलेली ईएक्सई) शोधायला निघतात ते इथेच. २००० च्या दशकात ईएसह अनेक कंपन्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपी-संरक्षण घालत. ते ‘एसईसीडीआरव्ही.एसवायएस’ या ड्रायव्हरवर चालायचं. हा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, पूर्ण अधिकारांनिशी चालतो. त्यातल्या त्रुटीमुळे साध्या प्रोग्रॅमला ॲडमिनचे अधिकार मिळवता येत होते आणि मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली. सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने विस्टा ते ८.१ पर्यंत तो बंद केला. विंडोज १० आणि ११ मध्ये तो दिलेलाच नाही. त्यामुळे डिस्क अस्सल असूनही गेम उघडत नाही.

यावर तीन उपाय सुचवले जातात. जुना ड्रायव्हर कुठून तरी आणून परत बसवणं: करू नका, बंद केलेलं भगदाड तुम्ही स्वतः पुन्हा उघडाल. ‘नो-सीडी’, म्हणजे डिस्कशिवाय चालावी म्हणून बदललेली ईएक्सई: तीही नको, कारण वर सांगितलंच. तिसरा उपाय म्हणजे गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर खुल्या सोर्सकोडसह मिळणारं ‘सेफडिस्कशिम’. गेमने ड्रायव्हरला विचारलेला प्रश्न ते मधल्यामध्ये पकडतं आणि गेमच्याच प्रक्रियेत उत्तर देतं. विंडोजच्या गाभ्यात काहीच बसत नाही. डिस्क मात्र ड्राइव्हमध्ये हवीच. ते प्रकल्पाच्या मूळ पानावरूनच घ्या, दुसऱ्या साइटने पुन्हा चढवलेली प्रत नको. साधी आयएसओ (डिस्कची फाइलरूपी नक्कल) इथे चालत नाही. सेफडिस्क तपासतं त्या खुणा डिस्कच्या कच्च्या सेक्टरांत असतात आणि साध्या नकलेत त्या उतरत नाहीत.

इन्स्टॉल कुठे करायचं

‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये नको. तिथे लिहिण्याची परवानगी नसल्याने विंडोज जुन्या गेमने लिहिलेल्या फाइल्स गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. मग तुम्ही एका जागी बदल करता आणि गेम दुसरीच फाइल वाचतो. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असा रोमन अक्षरांतला फोल्डर करा आणि त्यात टाका.

रोमन अक्षरांचा आग्रह उगाच नाही. २००६ चे बरेच प्रोग्रॅम युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरपद्धत) जाणत नाहीत. विंडोजवरचं तुमचं खातं देवनागरी नावाने असेल, तर ‘डॉक्युमेंट्‌स’चा पत्ता गेमला प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखा दिसतो. प्रोफाइल सेव्ह होत नाही किंवा गेम सुरू होताच बंद पडतो. विंडोजची भाषा मराठी किंवा हिंदी केल्याने हे सुटत नाही, कारण देवनागरीसाठी विंडोजचं जुनं कोडपेजच (युनिकोडच्या आधीचा अक्षरांचा तक्ता) नाही. सेटिंग्जमध्ये खात्याचं नाव बदलूनही उपयोग नाही, आतल्या फोल्डरचं नाव तेच राहतं. रोमन अक्षरांत नवं लोकल खातं उघडा आणि गेम तिथून चालवा.

‘क्रिकेट ०७’ आपलं प्रोफाइल आणि रोस्टर (संघांतल्या खेळाडूंची यादी) ‘डॉक्युमेंट्‌स’मधल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो. वनड्राइव्हने तो भाग आपल्याकडे ओढला असेल तर सेव्ह अडकू शकतं. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘डॉक्युमेंट्‌स’चा बॅकअप बंद करा.

काळा पडदा, एरर आणि ताणलेलं चित्र

‘डी३डीएक्स९’ने सुरू होणारी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) सापडत नाही असा संदेश आला, तर ती एकटी डीएलएल शोधत फिरू नका, डीएलएल वाटणाऱ्या साइट्‌स हा धोक्याचा दुसरा मोठा दरवाजा आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘डायरेक्टएक्स एंड-युजर रनटाइम्स (जून २०१०)’ घ्या. डायरेक्टएक्स म्हणजे गेमचं चित्र-आवाज हाताळणारा विंडोजचा भाग. विंडोज ११ मध्ये नवं डायरेक्टएक्स असलं तरी हे जुने सहायक भाग त्यात येत नाहीत. हे बसवल्याने नव्या डायरेक्टएक्सला धक्का लागत नाही.

तरीही पडदा काळा राहिला, किंवा खेळाडूंच्या अंगावर रंगांचे पट्टे दिसले, तर ग्राफिक्स ड्रायव्हरकडे बघा. इंटेलने १२ व्या पिढीच्या प्रोसेसरांपासून डायरेक्ट३डी ९ चा (डायरेक्टएक्सच्या चित्रं काढणाऱ्या भागाचा) थेट आधार काढला. तिथे आज्ञांचं भाषांतर होऊन काम चालतं. अशा वेळी जुन्या डायरेक्टएक्सच्या आज्ञा नव्यात बदलून देणारं ‘डीजीवूडू २’ वापरा. झिप उघडा. ‘एमएस’ फोल्डरमधल्या ‘एक्स८६’मधून ‘डी३डी९.डीएलएल’ घ्या आणि डीजीवूडूच्याच कंट्रोल पॅनलच्या ईएक्सईसह गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवा. ६४ बिटची डीएलएल घेतली तर गेम ती उचलणारच नाही, हा गेम ३२ बिटचा आहे. मग कंट्रोल पॅनल उघडून डायरेक्टएक्सच्या टॅबवर व्हीआरएएम (ग्राफिक्सची मेमरी) २५६ किंवा ५१२ एमबी करा. जुन्या गेमना काही गिगाबाइटांचा आकडा मोजता येत नाही, तो उलटा फिरून ‘मेमरी अपुरी’ असा विचित्र संदेश येतो. कोपऱ्यातला वॉटरमार्कही तिथेच बंद होतो.

गेमचं चित्र ४:३ प्रमाणातलं आहे, म्हणून त्याच कंट्रोल पॅनलमधल्या स्केलिंगमध्ये प्रमाण राखणारा पर्याय निवडा. १९२० × १०८० च्या पडद्यावर चित्र १४४० × १०८० येईल आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्याव्यात. ताणलेल्या चित्रात चेंडूची लाइन चुकीची वाटते. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल आणि खेळाचा वेग विचित्र वाटला, तर एफपीएसची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ६० ठेवून बघा.

एका वेळी एकच बदल करा आणि गेम उघडून पाहा. कम्पॅटिबिलिटी मोड, डीजीवूडू आणि डीपीआय सेटिंग एकदम बदललं की कशाने सुटलं आणि कशाने नवं बिघडलं ते समजत नाही.

कंट्रोलरबद्दल थोडक्यात: जुन्या डायरेक्टइनपुटला (पॅड वाचणाऱ्या डायरेक्टएक्सच्या भागाला) एक्सबॉक्स पॅडचे दोन्ही ट्रिगर एकच अक्ष म्हणून दिसतात, त्यामुळे एक दाबला की दुसरा रद्द होतो. ट्रिगरना काही नेमू नका, किंवा ‘अँटीमायक्रोएक्स’ने पॅडची बटणं कीबोर्डच्या कळांना जोडा.

रोस्टर, किट आणि पॅच

परवाने नसल्याने भारतासकट अनेक संघांतल्या खेळाडूंची नावं गेममध्ये बदललेली होती. म्हणून रोस्टर पॅच जवळजवळ सगळेच टाकतात. इथे फाइलचा प्रकार ओळखायला शिका. ‘.आरओएस’ म्हणजे रोस्टर, ‘.एफएसएच’ म्हणजे किट आणि चेहऱ्यांचे टेक्स्चर, ‘.बिग’ म्हणजे त्यांचा गठ्ठा. हे सगळे डेटाचे प्रकार आहेत, ते आपणहून चालत नाहीत. मूळ फाइलची प्रत काढून ठेवा आणि नवी तिच्या जागी टाका.

पॅच ईएक्सईच्या रूपात असेल तर ती चालवण्याआधी ७-झिपने उघडते का बघा. पुष्कळदा आतून नुसत्या डेटा फाइल्स निघतात आणि इन्स्टॉलरची गरजच उरत नाही. उघडली नाही तर व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर तपासा. तिथे ६५० एमबीपर्यंतची फाइल चढवता येते. त्याहून मोठी असेल तर ७-झिपच्या राइट-क्लिक मेनूतून एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा म्हणता येईल असा आकडा) काढून तो तिथे शोधा. विंडोज प्रो असेल तर आधी ‘विंडोज सँडबॉक्स’ या वेगळ्या, बंदिस्त विंडोजमध्ये चालवून पाहा. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ही सोय नाही.

पासवर्ड लावलेली आरएआर आणि सोबत ‘अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा’ अशी सूचना दिसली, तर तिथूनच परत फिरा. आतलं स्कॅन होऊ नये म्हणूनही पासवर्ड घातला जातो. डीजीवूडूसारख्या प्रामाणिक टूलवरही कधी खोटा इशारा येतो हे खरं. तेव्हा मूळ पानावरून पुन्हा उतरवा, दोन्हींचा हॅश जुळवा आणि सूट फक्त त्या एका फाइलला द्या.

एवढं करूनही गेम चालत नसेल आणि घरात एक्सपीचा जुना डेस्कटॉप पडून असेल, तर तोच वापरा. सेफडिस्क, डायरेक्टएक्स ९, सगळं तिथे आपल्या घरचं असतं. फक्त नेटवर्कची वायर काढून ठेवा. एक्सपीला एप्रिल २०१४ पासून सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. पॅच पेनड्राइव्हने न्यायचे असतील तर नव्या मशीनवर तपासूनच न्या, आणि परत आलेला पेनड्राइव्ह उघडण्याआधी स्कॅन करा.