डायमॅक्सियनचं मॉडेल: आधी चाक मोजा

अमेरिकी संशोधक बकमिन्स्टर फुलरच्या १९३३ च्या तीनचाकी डायमॅक्सियन कारचं मॉडेल तयार किटशिवाय बनवायचं असेल, तर कात्री हातात घेण्याआधी फोटो तपासा. बरोबर बाजूने घेतलेल्या फोटोत चाक गोल दिसतं. लंबगोल दिसलं की तो फोटो मापासाठी बाद. गाडी सुमारे २० फूट लांब, म्हणजे १:२४ मापात मॉडेल १० इंचांचं. फोटोची प्रिंट तेवढी मोठी करा आणि मापं थेट पट्टीने घ्या.

खरी कटकट त्या थेंबासारख्या बॉडीची. मधोमध १ मिमी प्लास्टिक शीटचा उभा कणा ठेवा, त्यावर दर २ सेंमीला आडव्या फासळ्या, आणि मधल्या फटीत बाल्सा हे हलकं, मऊ लाकूड भरून घासा. फासळ्यांच्या कडा दिसू लागल्या की घासणं थांबवा. मग पुट्टी, पण पातळ थरांत. जाड थर सुकताना आकसतो आणि तिथेच खळगा पडतो.

दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे डोळ्यांवर सोडू नका. डोळा हमखास फसवतो. पुठ्ठ्यात अर्ध्या छेदाचा साचा कापा, डावीकडे टेकवा, मग उलटा करून उजवीकडे. जिथून उजेड डोकावेल तिथे पुट्टी. करडा प्रायमर मारून टॉर्च तिरपा धरलात, तर उरलेसुरले उंचवटेही सापडतात.

मागचं एकुलतं चाकच गाडी वळवतं, तेव्हा ते फिरायला पोटात जागा सुरुवातीलाच कोरा. नंतर कोरताना कणा तुटतो. माझा तुटला होता!