नॅस आणलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही: फोटो-व्हिडिओवाल्यांनो, या चुका टाळा

फोटो, व्हिडिओ, डिझाइनचं काम वाढलं की कधी ना कधी नॅस (नेटवर्कवरून सगळ्या कॉम्प्युटरना वापरता येणारा डिस्कचा डबा) घ्यावंच लागतं, आणि बऱ्याच जणांचा घोळ तिथेच सुरू होतो, कारण डबा आणला, चार डिस्क घातल्या, रेड ५ (अनेक डिस्क एकत्र जोडायची एक पद्धत) लावलं की वाटतं आता डेटा सेफ. तसं नाहीये. एखादी डिस्क गेली तरी काम थांबू नये एवढ्यासाठीच रेड असतं. चुकून फोल्डर डिलीट झालं तर ते सगळ्याच डिस्कवरून जाणार, फाइल करप्ट सेव्ह झाली तर ती करप्टच राहणार, चोरी, आग, व्होल्टेजचा झटका यातल्या कशालाच रेडकडे उत्तर नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, बजेट कमी असेल तर चार बेच्या (डिस्क बसवायच्या खणांच्या) डब्याचा हट्ट सोडा, दोन बेचा घ्या आणि उरलेल्या पैशात एक्स्टर्नल डिस्क घ्या.

सिंकला (दोन जागचे फोल्डर आपोआप सारखे ठेवण्याला) बॅकअप समजणं हीसुद्धा तीच चूक आहे. लॅपटॉपवर डिलीट केलं की सिंकवाल्या फोल्डरमधूनही जातं, त्यामुळे जुनी व्हर्जन्स परत मिळतील अशी सोय पाहिजे. नॅस बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमवर चालत असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणी डेटा कसा होता त्याची नोंद) आधी ऑन करा, दर तासाला एक ठेवला तरी जागा फक्त बदललेल्या डेटाचीच जाते आणि क्लायंटची फाइल ओव्हरराइट झाली तर काही मिनिटांत परत येते. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, डबा गेला की तेही गेले. फोटोग्राफर पीटर क्रॉग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम त्यासाठीच आहे: ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या मीडियावर, त्यातली १ दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे शेजारची खोली नव्हे हं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा काही ग्राहकांचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही गेले.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, नॅस स्लो का चालतंय. आधी एक मोठी फाइल, १० जीबीचा एखादा व्हिडिओ, कॉपी करा आणि स्पीडचा आकडा बघा, कारण अर्धं निदान त्या आकड्यातच होतं. ११० एमबी पर सेकंदच्या आसपास असेल तर नॅस ठीक आहे, गिगाबिट नेटवर्क तेवढंच देतं, त्याहून जास्त हवं असेल तर २.५ किंवा १० गिगाबिटचा स्विच, पोर्ट आणि दोन्ही बाजूंना कार्ड हे सगळं लागेल, नुसत्या एसएसडी घालून काही होणार नाही. ११-१२ वरच अडकलं असेल तर लिंक १०० मेगाबिटवर आलीये, आणि बहुतेक वेळा कारण केबल असते, आतली एक जोडी तुटलेली किंवा कनेक्टर नीट क्रिम्प न झालेला, किंवा मधे कुठेतरी जुना स्विच बसलाय. केबल बदला, सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० दिसतोय का बघा. आकडा वरखाली उड्या मारत असेल तर तुम्ही वायफायवर आहात का ते तपासा. आणि मोठी फाइल जोरात जाते पण हजारो छोट्या जेपीजी रखडतात, हे नॉर्मल आहे, प्रत्येक फाइलमागे वेगळी देवाणघेवाण असते, त्यासाठी हार्डवेअर बदलत बसू नका.

डिस्क घेताना एसएमआर आहे की सीएमआर (डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती) ते डेटाशीटमध्ये बघा, सीएमआरच घ्या. एसएमआर डिस्क रेड रिबिल्डला, म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून डेटा परत भरायला, खूप वेळ लावतात.

क्रिएटिव्हवाल्यांची खास चूक म्हणजे मीडिया जपायचा आणि काम विसरायचं. रॉ फाइल्सचा (कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फोटोंचा) बॅकअप असतो पण फोटो एडिट करायच्या लाइटरूमचा कॅटलॉग लॅपटॉपवर एकटाच पडलेला असतो, आणि एडिट, रेटिंग, कलेक्शन सगळं त्यातच असतं. लाइटरूम क्लासिक नेटवर्क ड्राइव्हवरचा कॅटलॉग उघडत नाही, त्यामुळे कॅटलॉग लोकल एसएसडीवर, रॉ नॅसवर आणि कॅटलॉगचा बॅकअप रोज नॅसवर, अशी मांडणी ठेवा. व्हिडिओ एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हचं प्रोजेक्ट तर डेटाबेसमध्ये राहतं, फुटेजचं फोल्डर कितीही वेळा कॉपी केलं तरी टाइमलाइन त्यात येत नाही, प्रोजेक्ट वेगळं एक्स्पोर्ट करावं लागतं किंवा डेटाबेसचा बॅकअप लावावा लागतो. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरचा मीडिया कॅशे (त्याने स्वतःसाठी बनवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) मात्र लोकल एसएसडीवरच राहू द्या आणि बॅकअपमधून वगळा, तो परत बनतो.

बाहेरून फाइल्स बघायच्या म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे इंटरनेटवरून थेट वाट देऊन, नॅस उघडं टाकणं, हे तर अजिबात नको. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या रॅन्समवेअरने (फाइल्स कोंडून खंडणी मागणारा व्हायरस) इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाइल्स सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड लावून कोंडल्या आणि पैसे मागितले, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या दुसऱ्या रॅन्समवेअरने पुन्हा फाइल्स कोंडून पैसे मागितले. त्याऐवजी व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) वापरा, वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रकार बऱ्याच राउटरवर चालतो. आणि बॅकअपचा फोल्डर रोजच्या कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून मॅप करून ठेवू नका, रॅन्समवेअर आलं तर जिथे लिहिता येतं तिथपर्यंत ते पोचतं, बॅकअपसाठी वेगळा युजर आणि वेगळा पासवर्ड ठेवा, एक डिस्क तर काम झालं की काढूनच ठेवा.

ईमेल अलर्ट लावलाय का तेही बघा, आणि स्वतःला टेस्ट मेल पाठवून बघा. रेडमधली एक डिस्क गेली तरी नॅस नेहमीसारखंच चालतं, कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि दुसरी गेली की रेड ५ मध्ये सगळंच जातं. यूपीएस घेतला असेल तर त्याची यूएसबी केबल नॅसला जोडा, म्हणजे वीज गेल्याचं नॅसला कळून ते वेळेत नीट बंद होईल, नाहीतर बॅटरी संपली की नॅस धाडकन बंद होणार.

सगळं लावून झालं की रिस्टोअर करून बघा. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरवी टिक दिसते म्हणून थांबू नका, एक जुनं प्रोजेक्ट ऑफसाइट (दुसऱ्या जागच्या) कॉपीमधून रिकाम्या फोल्डरमध्ये आणा, शक्यतो दुसऱ्या मशीनवर, आणि उघडा. फॉन्ट मिसिंग येईल, एखादी लिंक तुटलेली दिसेल, म्युझिक डेस्कटॉपवरच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये राहिलंय हे कळेल, जे जे सापडेल ते लगेच प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये हलवा आणि पुढच्या महिन्यात दुसरं प्रोजेक्ट घेऊन हेच परत करा.