‘झालंय’ म्हणजे किती झालंय?

ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला देणं, याला आमच्यात ‘ओव्हर देणं’ म्हणतात. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करताना यावर एखादं लेक्चर होतं, पण कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, उभं राहिल्याशिवाय ते अंगी लागत नाही.

कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात मी नवीन होते. पावसाळा, रात्रपाळी. बेड तीनवर शाहूवाडीकडचा शेतकरी, वैरण काढताना घोणस चावलेली. दुपारच्या सिस्टर एसटी चुकेल म्हणून पर्स खांद्याला अडकवूनच बोलत होत्या, “एएसव्ही झालंय, स्टेबल आहे.” (एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, अँटिव्हेनम.) मी तेवढंच लिहून घेतलं. साडेनऊला त्याच्या भावानं हाक मारली, “सिस्टर, हिरडीतनं रगत याय लागलंय.”

झाल्या होत्या त्या पहिल्या 10 व्हायल्स, म्हणजे औषधाच्या बाटल्या. घोणशीच्या विषानं रक्त गोठेनासं होतं, म्हणून अँटिव्हेनम दिल्यावर 6 तासांनी पुन्हा तपासायचं असतं. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करून बघायची. (प्लॅस्टिकची नळी चालत नाही. घाईत तीच हाताला लागते.) ही तपासणी सव्वाआठला व्हायला हवी होती. उशिरा केली तेव्हा रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी दुसरा डोस लावला, माणूस वाचला. पण त्या रात्री मला चहाही गेला नाही.

दुपारच्या सिस्टर गडबडीत होत्या, खरं. पण किती झालं, कधी संपलं, पुढचं कधी, हे मीही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून काउंटरवर ओव्हर घेत नाही, बेडजवळच घेते. आता काय चाललंय, आधी काय घडलं, तुम्हाला काय वाटतं, पुढं काय करायचंय, हा ‘एसबार’चा क्रम पाठ करा, पण वेळ कमी असेल तर शेवटचा प्रश्न आधी विचारा: “काय राहिलंय?” उत्तर आलं की वेळेसकट मोठ्यानं म्हणून दाखवा. सीनियर हसतील. हसू देत.

कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटला ‘अ‍ॅट्रोपिन (त्या विषावरचं औषध) चालू’ एवढ्यावर सोडू नका. रेट किती, बाहुल्या केवढ्या, नाडी किती, छातीत घरघर आहे का, दोघींनी मिळून बघा. औषध सोडणारा पंप स्वतः बघा, कागदावरचा आकडा नको. मात्र औषध का प्यायला, ते बेडजवळ बोलायचं नाही. पडद्याआड सासरचे-माहेरचे दोन्ही उभे असतात. तेवढं आणि एमएलसीचं (पोलिसांना कळवायच्या केसचं) बाजूला येऊन.

सगळ्यात अवघड सकाळची ओव्हर. बारा तास जागलेल्या बाईला काय सांगितलं आणि काय मनातच राहिलं, यातला फरक कळत नाही. म्हणून मी पहाटे पाचलाच वहीत राहिलेली कामं लिहून ठेवते. घरी पोचल्यावर काही आठवलं तर वॉर्डच्या फोनवर कळवते. एकदा रंकाळ्याजवळ गाडी बाजूला घेऊन, हेल्मेट काढून सांगितलंय, “बेड सहाचं पोटॅशियम यायचंय, लॅबला विचारा.”